मिटलेल्या पुस्तकाचा अभ्यास

पावसाळ्याच्या आरंभीं शहरांतील पुष्कळ घरांत एक नवें टेबल येतें, त्यावर एक नवा दिवा येतो, आणि भिंतीवर रंगीत पेन्सिलींनीं आंखलेलें एक वेळापत्रक चिकटविलें जातें. घरांतील मुलगा किंवा मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवून अकरावीच्या विज्ञान शाखेंत दाखल झालेली असते. रात्रीं अकरा वाजतां आई दार हळूच लोटून पाहते. दिवा जळत असतो, पुस्तक उघडें असतें, आणि तिला समाधान वाटतें. पुढें दोन-तीन महिन्यांनीं पहिल्या चांचणीचे गुण हातीं येतात. पदार्थविज्ञानांत पंचविसांपैकीं नऊ! त्या रात्रीं घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. वडील म्हणतात, “तास कमी पडले.” आजी म्हणते, “दृष्ट लागली.” आणि तें मूल मनांतल्या मनांत म्हणतें, “आपल्याला डोकेंच नाहीं.”

हीं तिन्ही निदानें बहुधा चुकीचीं असतात. त्यांतील पहिल्या दोहोंनीं फारसें बिघडत नाहीं. तिसरें मात्र घातक आहे. तास वाढवितां येतात, दृष्ट काढतां येते. पण डोकेंच नाहीं असें एकदां मनानें घेतलें, म्हणजे उपाय शोधण्याची इच्छाच मरते. म्हणून ही समजूत दृढ होण्यापूर्वीं खरें कारण पाहिलें पाहिजे.

दहावीपर्यंत विज्ञान हा एकच विषय असतो. अकरावींत त्याचे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असे स्वतंत्र विषय होतात आणि त्यांच्या जोडीला गणित वाढतें. बारावीला मंडळाची परीक्षा असते, आणि तिच्या मागेंपुढें प्रवेशपरीक्षा उभ्या असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत २०२५ सालीं १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होत होता. म्हणजे एका प्रश्नाच्या वांट्यास एक मिनिट. “हें कोठेंतरी वाचलें आहे खरें,” एवढी ओळख त्या मिनिटांत कामास येत नाहीं. जें हवें तें तत्काळ हातीं यावें लागतें.

मराठी भाषेनें हा भेद फार पूर्वीं जाणला आहे. “समजलें” हा एक शब्द आणि “आलें” हा दुसरा. कांठावर बसून पोहणें समजतें. पाण्यांत पडल्यावांचून तें येत नाहीं. पुस्तक उघडें ठेवून तीच पानें तीन वेळां वाचणारा, ओळींवर पिवळ्या-हिरव्या रंगाच्या रेघा ओढणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याला सारें समजत असतें. दर वाचनागणिक पान अधिक ओळखीचें होतें, आणि त्या ओळखीलाच तो ज्ञान समजतो. परीक्षेंत पान समोर नसतें, आणि मग ओळख दगा देते.

रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हां वाचला. दुसऱ्या गटानें तो पहिल्या सत्रांत वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न पाहतां, आठवेल तें कागदावर लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांस ८३ टक्के भाग आठवला, लिहिणाऱ्यांस ७१ टक्के. वाचणारे जिंकले! पण आठवड्यानें परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांजवळ ४० टक्केच उरले होते, आणि लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के. रात्रीं पुस्तक मिटतांना जो आत्मविश्वास वाटतो, तो पांच मिनिटांनंतरच्या परीक्षेचा असतो. खरी परीक्षा मात्र आठवड्यांनीं आणि महिन्यांनीं येते.

ही गोष्ट महाराष्ट्रांतील जुन्या घरांना अपरिचित नव्हती. दिवेलागणीला मुलें देवापुढें बसत आणि परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, स्तोत्रें, तिथी, वार, नक्षत्रें हें सारें रोज, तोंडानें, पुस्तकावांचून. आजोबा पलीकडे सुपारी कातरीत बसलेले असत. चूक झाली तर अडकित्ता थांबे. त्या परवच्यांत अर्थाकडे दुर्लक्ष होई हा दोष खरा. परंतु रोज पुस्तकावांचून आठवून पाहण्याची जी शिस्त तींत होती, ती अर्थासह उचलली तर आजच्या विद्यार्थ्यासही तारील.

येथें कोणी म्हणेल, ही घोकंपट्टीच झाली. तसें नाहीं. घोकणारा शब्द पाठ करतो. येथें विचार उभा करावयाचा आहे. पुस्तक मिटून न्यूटनच्या दुसऱ्या नियमापासून एखादें सूत्र स्वतः सिद्ध करणें, हृदयाची आकृति कोऱ्या कागदावर काढून रक्ताचा मार्ग बाणांनीं दाखविणें, एखादी रासायनिक क्रिया कां घडते हें धाकट्या भावंडाला समजेल अशा भाषेंत सांगणें, हें घोकून होत नाहीं. रीत अगदीं साधी आहे. अर्धा-पाऊण तास लक्षपूर्वक वाचावें. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटें आठवेल तें मांडावें. शेवटीं पुस्तक उघडून, राहिलेलें व चुकलेलें तांबड्या शाईनें भरावें. तो तांबडा मजकूर हाच उद्यांचा अभ्यास.

उद्यांचा असें म्हणण्यासही कारण आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें स्वतःवरच वर्षानुवर्षें प्रयोग करून १८८५ सालीं स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूहांच्या माळा तो पाठ करी, आणि किती विसरलें तें मोजी. त्याला असें आढळलें कीं, एकाच दिवशीं ६८ आवृत्त्या करून जो लाभ होतो, तोच तीन दिवसांत वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनीं होतो. म्हणजे काळाची नुसती वांटणी बदलली आणि श्रम निम्म्याजवळ आले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत सोळा-सोळा तास बसणारा विद्यार्थी या हिशेबानें उधळ्याच होय. आज वाचलेलें प्रकरण उद्यां दहा मिनिटें, आठवड्यानें पुन्हां, महिन्यानें पुन्हां, असें मिटल्या पुस्तकानें आठवून पाहावें. त्यासाठीं वहीच्या शेवटच्या पानावर प्रकरणाचें नांव आणि तारखा एवढीच नोंद पुरे.

गणितांत आणखी एक सापळा असतो. एका प्रकरणाचीं वीस उदाहरणें ओळीनें सोडविलीं कीं सारें सोपें वाटतें; कारण कोणती रीत वापरावयाची हें प्रकरणाच्या मथळ्यानेंच सांगितलेलें असतें. परीक्षेंत मथळा नसतो. रोरर व टेलर यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घनाकृतींच्या घनफळाचीं उदाहरणें एका गटानें प्रकारवार सोडविलीं, दुसऱ्यानें सरमिसळ. सरावाच्या वेळीं प्रकारवार सोडविणारांचीं ८९ टक्के उत्तरें बरोबर आलीं, सरमिसळ करणारांचीं ६० टक्के. आठवड्यानें परीक्षा झाली, तेव्हां पहिल्या गटाला २० टक्के साधलें आणि दुसऱ्याला ६३ टक्के. म्हणून प्रत्येक बैठकींत चार-सहा उदाहरणें जुन्या प्रकरणांतील, मथळा झांकून, सोडवावींत.

आतां भिंतीवरील त्या रंगीत वेळापत्रकाकडे वळावें. तें बहुधा आठवड्याभरांत मोडतें. आणि त्याचें कारण मुलाचा दुबळा निश्चय नसून चुकलेली वजाबाकी हें असतें. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोंप हवी असें तज्ज्ञ सांगतात; नऊ धरले तर ६३ तास गेले, उरले १०५. कॉलेज, शिकवणी आणि जाणेंयेणें यांत सहा दिवस आठ-आठ तास जातात असें धरावें, ते ४८. उरले ५७. स्नान, जेवण, घरचें कांहीं काम यांचे रोज तीन धरून २१. उरले ३६. खेळ, मित्रमंडळी, उगाच बसणें यांना दहा तास देणें भागच आहे. न दिले तर तीं ते चोरून घेतात. उरले २६. म्हणजे दिवसाला पावणेचार तासही नाहींत. वेळापत्रकांत मात्र आठ तास लिहिलेले असतात! जें नाणें खिशांत नाहीं तें खर्चीं टाकल्यावर दिवाळें निघावयाचेंच.

शिवाय प्रत्येक कामास किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज नेहमींच तोकडा असतो. कॅनडांतील ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांनीं सरासरी ३४ दिवसांत काम पुरें होईल असें सांगितलें होतें; प्रत्यक्ष ५५ हून अधिक दिवस लागले. तीं मुलें प्रौढ आणि हुशार होतीं. तेव्हां सोळा वर्षांच्या मुलाचा अंदाज चुकला म्हणून रागावण्यांत अर्थ नाहीं. रविवारची सकाळ मुद्दाम मोकळी ठेवावी, म्हणजे आठवड्याची उधारी तींत फेडतां येते. तसेंच, “पांच ते सात पदार्थविज्ञान” असें न लिहितां “रोटेशनल डायनॅमिक्समधील सहा उदाहरणें” असें लिहावें. काम लिहिलें तर तें संपतें. वेळ लिहिला तर तो नुसता सरतो. आणि त्या बैठकीपुरता मोबाइल दुसऱ्या खोलींत, शक्य तर घरांतील मोठ्यांच्या मोबाइलशेजारीं, ठेवावा.

झोंपेच्या तासांवर हात टाकण्याचा मोह फार होतो. परंतु १९२४ सालीं जेंकिन्स व डालेनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केल्यानंतर झोंपीं गेल्यास जेवढें आठवतें, तेवढें तितकाच काळ जागें राहिल्यास आठवत नाहीं. पुढील संशोधनानेंही झोंपेचें हें महत्त्व पटविलें आहे. झोंप ही अभ्यासाची सवत नव्हे. दिवसा मिळविलेलें जतन करणारी ती घरधनीण आहे.

एक सूचना मात्र आरंभींच देणें अवश्य आहे. मिटल्या पुस्तकाचा अभ्यास पहिले कांहीं आठवडे फार कडू लागतो. उघड्या पुस्तकापुढें आपण विद्वान भासतों. कोऱ्या कागदापुढें आपलें अज्ञान उघडें पडतें. पहिल्या दिवशीं चार ओळी लिहून लेखणी थांबते, आणि “आपल्याला डोकेंच नाहीं” ही शंका पुन्हां मान वर काढते. वास्तविक लेखणी थांबते त्याच क्षणीं अभ्यास सुरू झालेला असतो. पण हें त्या मुलाला त्या वेळीं कळत नाहीं. कळावयाचें तें घरांतील मोठ्यांना कळलें पाहिजे.

म्हणून रात्रीं दार लोटून पाहणाऱ्या आईनें दिव्याकडे पाहूं नये. “किती तास बसलास?” हा प्रश्नही सोडून द्यावा, त्याचें उत्तर नुसतें बसून देतां येतें. जेवतांना सहज विचारावें, “आज पुस्तक मिटून काय आठवलें रे? मला सांग पाहूं.” मग तो भाताच्या ताटाशेजारीं पाण्याचा पेला ठेवून प्रकाशाचें वक्रीभवन समजावूं लागेल, मध्येंच अडेल, हंसेल आणि म्हणेल, “थांब, एवढें बघून येतों.” तो उठून पुस्तकाकडे जाईल, तेव्हां त्याला ताटावरून उठल्याबद्दल रागावूं नये. आपल्याला डोकें नाहीं असें मानणारें मूल असें उठून जात नसतें.