अवयव माहीत नाहीत, पण संख्या फुटते हे नक्की!

आज एकाच आकड्याबद्दल बोलायचंय. कानात इयरफोन असेल तर थोडा आवाज वाढवा, कारण आकडा मोठा आहे.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. आता समजा पटाला 64 ऐवजी 67 घरं आहेत. तर एकूण दाणे किती? 2 चा 67 वा घात, वजा 1. म्हणजे 14,75,73,95,25,89,67,64,12,927. एकवीस अंकी संख्या!

1644 साली मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने सांगितलं, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. दोनशेहून जास्त वर्षं गेली. 1876 मध्ये एदुआर ल्युका म्हणाला, नाही, ही संयुक्त आहे. मग तिचे अवयव कोणते? ते त्यालाही माहीत नव्हते!

मला या गोष्टीत सगळ्यात भारी वाटतं ते हेच. अवयव न सापडता संख्या फुटते हे कसं कळतं?

ल्युकाच्या पद्धतीला पुढे लेमरने सोपं रूप दिलं, ते सांगतो. 4 पासून सुरू करा. वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. किती वेळा? घातांकापेक्षा दोन कमी. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक मात्र 2 पेक्षा मोठी मूळ संख्या हवी.

31 घ्या. ती 2 चा 5 वा घात वजा 1, म्हणून तीन वेळा. पहिल्यांदा 14. मग 194, त्याला 31 ने भागून बाकी 8. मग 62, बाकी शून्य. 31 मूळ!

आता 2047, म्हणजे 2 चा 11 वा घात वजा 1. नऊ वेळा केलं की शेवटची बाकी येते 1736. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. पण 2047 म्हणजे 23 गुणिले 89. त्या 1736 मध्ये 23 कुठे दिसतो? 89 कुठे दिसतो? निकाल कळला, कारण कळलं नाही.

आपल्या एकवीस अंकी संख्येचे अवयव शेवटी 1903 मध्ये फ्रँक नेल्सन कोलने न्यूयॉर्कच्या एका सभेत मांडले. असं सांगतात, की तो एक शब्दही बोलला नाही. फळ्यावर 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 हा गुणाकार केला, उत्तर जुळलं आणि जाऊन बसला. शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. गुणाकार तपासायला काही मिनिटं!

आता हे तुमच्या फोनपर्यंत येतं. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी याच तफावतीवर कुलूप बनवलं, आरएसए. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या. गुणाकार जगजाहीर, अवयव गुप्त. वेबसाइट खरी आहे की बनावट, हे तपासायला आजही अनेक ठिकाणी हेच वापरतात. 2020 मध्ये 250 अंकी अशी एक संख्या फोडली गेली. एकाच प्रोसेसर-कोअरला तेवढ्या कामाला अंदाजे 2700 वर्षं लागली असती. आज वापरात असलेल्या संख्या सहसा 617 अंकी असतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. अवयव शोधणं अवघडच आहे, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. सोपी रीत अजून सापडलेली नाही, एवढंच. आपण विसंबून आहोत ते सिद्धतेवर नाही, अनुभवावर! आणि ताकदीचा क्वांटम संगणक आला तर हे कुलूप उघडेल, हे पीटर शोरने 1994 मध्येच दाखवलंय. म्हणून नव्या प्रकारची कुलपं आत्तापासूनच बसवली जातायत.

जाता जाता गृहपाठ. 127 घ्या, 2 चा 7 वा घात वजा 1. पाच वेळा करा. फोनचा कॅल्क्युलेटर चालेल. मधे 67, 42, 111 भेटले तर बरोबर चाललंय. शेवटी काय आलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!