सत्तावीस नक्षत्रांची शाल

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही दोघी बहिणी. धाकटी बँकेत कारकून, थोरली घर सांभाळते. भाषणाचा आम्हाला सराव नाही, विणकामाचा आहे. म्हणून एका शालीबद्दलच चार शब्द सांगतो.

थोरलीच्या मुलीचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, अशी समजूत. दोन स्थळांनी याच कारणाने नकार दिला. पत्रिका मानत नाही असे आपण सभेत सांगतो. तिची पत्रिका मात्र आम्हीच काढून आणली होती. पोरगी एवढेच म्हणाली, "मावशी, ते मूळ आहे तरी कुठे? मला दाखव." आम्हा दोघींनाही ते ठाऊक नव्हते.

तिघी वरळीच्या नेहरू तारांगणात गेलो. पुढे मेअखेरच्या एका मध्यरात्री गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले. तांबूस ज्येष्ठा दिसली, आणि तिच्याखाली आकड्यासारखी वळलेली विंचवाची शेपटी. तेच मूळ. त्यांतले बहुतेक तारे शेकडो प्रकाशवर्षे दूर. आमच्या घरी मुलगी जन्मली, ही खबर त्यांना कोण देणार?

जुन्या लोकांना नक्षत्रे हवी होती ती कालगणनेसाठी. चंद्र आकाशाची एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पुरी करतो. म्हणून त्याच्या वाटेचे २७ समान भाग केले, प्रत्येकी १३ अंश २० कलांचे. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो तो महिना कार्तिक. प्रत्येक फेरीत चंद्र साधारण एक दिवस मुळात असतोच. त्या दिवशी जगभर जन्मलेली सारी बाळे मूळ नक्षत्राचीच. इतके सासरे कुठे दगावले आहेत?

तेव्हा आम्ही शाल विणायला घेतली. एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेत राहिलेल्या विणकाम-लेखिकेने १९७४ च्या आपल्या पुस्तकात गोल शालीची रीत दिली आहे. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, म्हणून टाकेही दुप्पट करायचे. मध्यभागी ९ टाके. मग १८, ३६, ७२, १४४, २८८, ५७६. पण ५७६ ला २७ ने भाग जाईना. बँकेत हिशेब जुळल्याशिवाय उठता येत नाही, तसे झाले. अखेर दर १६ टाक्यांमागे एक टाका घटवला. ३६ कमी होऊन ५४० उरले, आणि प्रत्येक नक्षत्राला बरोबर २० टाके आले. गडद निळ्या लोकरीवर ताऱ्यांच्या जागी पांढरे मणी. ज्येष्ठेला तेवढा लाल.

मुळाचे घर आले तेव्हा थोरलीचा हात थांबला. "इथे मणी नको लावूया," ती म्हणाली. धाकटीने काही न बोलता मण्यांचा डबा पुढे सरकवला. जुन्या गणनेप्रमाणे मुळाचे अकरा तारे. ते अकरा मणी थोरलीने स्वतःच्या हाताने ओवले.

मुलीचे लग्न अजून ठरलेले नाही. पण आता आम्ही पत्रिका देत नाही, तिचे शिक्षण सांगतो. कुणी नक्षत्र विचारलेच, तर ती शाल पसरते आणि मुळावर बोट ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याची भीती घातली जाते ते एकदा स्वतः पाहा, मोजा, आणि घरी आईवडिलांनाही दाखवा. आम्हाला ते आमच्या मुलीने दाखवले.