किल्ली कोणाच्या हाती?



नंदुरबारसारख्या व्यापारी गावात विश्वासावर बोलायला आपण कामगार संघटनेचा माणूस उभा केलात! माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण बाजारात हमालांच्या संगतीत झाले. तेव्हा साधेच बोलतो.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना मांडला. जमीन औंधच्या राजेसाहेबांनी दिली. उजाड माळ, रात्रीचे भय. राखणीला त्यांनी माणसे नेमली ती तुरुंग भोगून आलेली! चोरांच्या वाटा ज्यांना ठाऊक, त्यांनाच त्या अडवता येतात, ही त्यात पारख होती. पुढे १९३९ साली त्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. कैदी तिथे भिंतीवाचून राहून शेती करू लागले. शांतारामबापूंचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला.

आता माझी फजिती ऐका. संघटनेचे पावतीपुस्तक मी पंधरा वर्षे स्वतःच्या खिशात ठेवले. मनात म्हणे, दुसऱ्याला जमायचे नाही. एकदा आजारी पडलो आणि दोन महिने वर्गणीच थांबली. शेवटी पुस्तक दिले मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या एका मावशीकडे. तिला अक्षर येत नव्हते. लिहायला नात बसवली आणि दर आठवड्याला सगळ्यांपुढे हिशेब वाचायला लावला. हंगाम संपला तेव्हा एक रुपया कमी नव्हता. थकबाकी निघाली ती माझी, तीन महिन्यांची! मावशीने माझे नाव सर्वांदेखत वाचले. मी मुकाट्याने पैसे भरले.

मंडळी, विश्वास टाकणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. माणसाला पेलेल तेवढे काम आधी द्यावे, मग वाढवावे. हिशेब मात्र उघडा ठेवावा, आणि त्यात मालकाचे पानही असावे. मजुराचा झाडा घ्यायचा आणि नफ्यातोट्याची वही लपवायची, याला विश्वास म्हणत नाहीत. आम्हा पुढाऱ्यांनाही हाच नियम.

गल्ल्याची किल्ली कमरेला बांधून एक दुकान जन्मभर चालते. दुसरे उघडायचे तर किल्ली कुणाच्या तरी हाती द्यावीच लागते. ती कोणाला द्यायची, हे आज घरी जाताना ठरवा.