अंधाऱ्या खोलीपासून घाटातल्या धुक्यापर्यंत
(पौड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



एके काळी छायाचित्र काढायचे म्हणजे ईदचे कपडे घालून पुण्याला जावे लागे आणि स्टुडिओतल्या रंगीत पडद्यापुढे श्वास रोखून उभे राहावे लागे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु त्या यंत्रात शिरलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, असे घरात विचारून पाहा. मुलगा वडिलांकडे पाहील आणि वडील मुलाकडे. म्हणून आज कॅमेऱ्याच्या शोधांविषयी, आणि त्यातही वस्तू किती दूर आहे हे सांगणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांविषयी थोडे बोलावे असे ठरवले. पालकांनी कंटाळू नये. हा विषय शेवटी त्यांच्याच एका निर्णयापाशी येणार आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करतो. कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा' वरून आला आणि कॅमेऱ्याचा शोध आपल्या इब्न अल-हैसम यांनी लावला, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. आपण ते अभिमानाने पुढे पाठवतो. वस्तुस्थिती अशी की 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे, आणि आपल्या बोलण्यातला 'कमरा' हा त्याचाच पोर्तुगीजांकडून आलेला भाऊबंद आहे. बारीक छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हेही इब्न अल-हैसम यांच्या कित्येक शतके आधी चीनमध्ये आणि ग्रीसमध्ये ठाऊक होते. मग त्यांचे मोठेपण कशात? माझ्या मते ते या संदेशातल्या मोठेपणाहून अधिक आहे.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्याला झाला आणि १०४० च्या सुमारास ते कैरोत वारले. नाईल नदीचे पाणी अडवण्याची योजना त्यांनी खलिफापुढे मांडली, पण जागेवर जाऊन पाहिल्यावर हे होणे नाही असे त्यांच्या ध्यानात आले, अशी आख्यायिका आहे. धरणाच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुळशीकरांना ती रंजक वाटेल. असो. त्यांच्या 'किताब अल-मनाझिर' या सात भागांच्या ग्रंथात एक प्रयोग आहे. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर निरनिराळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. यावरून त्यांनी दाखवले की सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून येतो तरी आपापसात मिसळत नाही, सरळ रेषेत जातो. ग्रंथात अमुक लिहिले आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही. दिवा झाकून पाहिला, उघडून पाहिला. हा प्रयोग आपल्या घरी चार मेणबत्त्यांवर होतो. मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली जरूर करावा.

आता खोलीकडे, म्हणजे अंतराकडे येऊ. साध्या छायाचित्रात जवळचे व लांबचे सारे एका कागदावर चपटे होते. आपले दोन डोळे किंचित वेगळी चित्रे पाहतात आणि मेंदू त्यावरून अंतर ताडतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या साध्या उपकरणाने दाखवले. १९८४ चा 'माय डिअर कुट्टिचातन' हा भारतातला पहिला त्रिमिती चित्रपट. 'छोटा चेतन' या नावाने तो हिंदीत आला तेव्हा चष्मा लावून पडद्यातून बाहेर येणारी वस्तू धरायला हात पुढे केलेले पालक या सभेत असतील. मराठीत 'झपाटलेला २' हा तसा चित्रपट २०१३ साली आला. त्यातली गंमत मान्य केली तरी तो डोळ्यांना दिलेला चकवा असतो. अंतर कोणी मोजलेले नसते.

अंतर मोजण्याची युक्ती ताम्हिणी घाटात गुरे राखणाऱ्या पोरालाही माहीत असते. समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारावी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन ६८० मीटर झाले, म्हणजे कडा ३४० मीटरांवर आहे. आवाजाऐवजी प्रकाश पाठवला की झाला त्रिमिती कॅमेरा. अडचण एवढीच की प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात तो ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या एका मोजपट्टीएवढा पुढे सरकतो. या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. इतका सूक्ष्म काळ मोजणारे घड्याळ हवे.

ते घड्याळ ज्यांनी कॅमेऱ्यात वापरून दाखवले त्यांच्यात आपल्या नाशिकचे रमेश रासकर आहेत. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. येथून बसने जाऊन-येऊन एका दिवसात पाहता येईल अशी ती संस्था आहे. पुढे ते अमेरिकेत गेले, २००२ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि नंतर ते मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध एम. आय. टी. संस्थेत प्राध्यापक झाले. तेथे २०११ च्या सुमारास त्यांच्या गटाने सेकंदाला एक लाख कोटी चित्रांच्या वेगाने प्रकाशाचीच हालचाल टिपली. प्लास्टिकच्या बाटलीतून प्रकाशाचा झोत बंदुकीच्या गोळीसारखा सरकताना त्यात दिसतो. यात एक बारकावा सांगायला हवा, कारण वर्तमानपत्रे तो गाळतात: हे एकाच झोताचे चित्रण नाही. एकसारखे लक्षावधी झोत सोडून, दर वेळी चित्राची एकेक ओळ टिपून, गणकयंत्राने ती सांधली आहेत.

२०१२ मध्ये याच गटाने कोपऱ्याआड लपलेली छोटी बाहुली कॅमेऱ्याला 'दाखवली'. लेसरचा झोत भिंतीवर मारला. तो उसळून बाहुलीवर गेला, तिच्यावरून पुन्हा भिंतीवर आणि तेथून कॅमेऱ्यात आला. तीन टप्पे खाऊन आलेल्या प्रकाशाच्या वेळांवरून गणिताने बाहुलीचा आकार काढला. या निबंधाच्या लेखकांत मुंजी बावेंडी हे नाव आहे. वडील ट्युनिशियाचे, आई फ्रेंच, जन्म पॅरिसचा. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत ते होते, अर्थात त्यांच्या दुसऱ्या संशोधनासाठी. पारितोषिक मिळाले त्या दिवशी त्यांनी पत्रकारांना सांगितले की महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत त्यांना शंभरपैकी वीस गुण होते. घटक चाचणीचा निकाल पाहून मुलांवर हात उगारणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो २०१८ चा धुक्यावरचा प्रयोग. पावसाळ्यात ताम्हिणीतून गाडी काढणाऱ्याला धुके म्हणजे काय हे सांगायला नको. दिव्यांचा प्रकाश थेंबांवर आपटून डोळ्यांवरच परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. रासकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका पेटीत दाट धुके तयार केले आणि प्रकाशाचा एकेक कण केव्हा परत येतो ते मोजले. थेंबांवरून परतणाऱ्या कणांच्या वेळा वाटेल तशा नसतात. त्यांची मांडणी संख्याशास्त्रातल्या एका ठरावीक आलेखाप्रमाणे असते. त्याला गॅमा वितरण म्हणतात. धुके दाट असो वा विरळ, आलेखाची ठेवण तीच. मग गणकयंत्र तो आलेख ओळखते, एकूण मोजणीतून वजा करते, आणि उरते ती पलीकडच्या वस्तूची खूण, अंतरासह. ज्या धुक्यात माणसाच्या डोळ्याला ३६ सेंटिमीटरपलीकडे काही दिसेना, तेथे या कॅमेऱ्याने ५७ सेंटिमीटरपर्यंतच्या वस्तू दाखवल्या. पेटीतले ५७ सेंटिमीटर म्हणजे घाटातले वळण नव्हे, हे उघड आहे. तेथे ऊन असते, वारा असतो, गाडी धावत असते. बरेच काम बाकी आहे आणि ते कोणीतरी करायचे आहे.

येथे मी पालकांकडे वळतो. या कॅमेऱ्यात भिंगापेक्षा गणित अधिक आहे, हे तुम्ही ऐकलेत. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की घरात बैठक बसते. मुलगा असेल तर लवकर कमावता होईल असे काहीतरी निवडले जाते. मुलगी असेल तर 'गणित घेऊन तिला काय करायचे, पुढे लग्नच आहे' असे एखादे चाचा म्हणतात आणि अब्बा मान डोलावतात. अम्मीला विचारतच नाहीत. गणित सोडायला एक संध्याकाळ पुरते, पण दोन वर्षांनी ते पुन्हा धरायचे म्हटले तर अभियांत्रिकीची दारे बहुधा बंद झालेली असतात. माझी विनंती एवढीच आहे की या बैठकीत ज्याचे शिक्षण त्याला किंवा तिला बसू द्या, शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना घरी चहाला बोलवा, आणि मग ठरवा. शुल्काची अडचण असेल तर ती संकोच न करता संस्थेकडे मांडा. चाचांपेक्षा संस्था बरी.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन थांबतो. काही नव्या मोबाइलांत प्रकाशाच्या परतीच्या वेळेवरून अंतर मोजणारी सोय आलेली आहे. असा मोबाइल तुम्ही अंगणातल्या आंब्याकडे धरला. त्यातून निघालेला प्रकाश खोडावर आपटून ४० नॅनोसेकंदांनी परत आला. आंबा किती मीटरांवर आहे? आणि धुक्यातल्या एका थेंबावरून ६ नॅनोसेकंदांनी परत आलेला कण मोबाइलपासून किती अंतरावरून आला? कागदावर रीत लिहून उद्या आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा. नुसते उत्तर चालणार नाही.