घरचे धान आणि बाजारचा तांदूळ



तुमसरात येऊन तांदळावर बोलायचे, म्हणजे आजोळी जाऊन आजीला आमटी शिकवण्यासारखे आहे. तरीही आम्ही हा विषय घेतला, त्याला कारण घडले. गेल्या थंडीत आम्ही येथील एका स्नेह्याकडे जेवायला होतो. घराच्या मागच्या दारातून धानाच्या बांध्या दिसत होत्या, आणि पानात वाढलेला भात परप्रांतातून पिशवीत बंद होऊन आला होता! भात पांढराशुभ्र होता, शीत न् शीत मोकळे होते, पण वास म्हणाल तर काही नाही. आम्ही विचारले, "बांधीतले धान कोठे गेले?" यजमान म्हणाले, "ते केंद्रावर गेले."

या एका उत्तरात आजचा आमचा सगळा विषय आला.

सरकार धानाला आधारभूत किंमत देते, ती दिलीच पाहिजे; ती नसती तर लहान शेतकरी केव्हाच बुडाला असता. पण त्या किमतीची रीत पाहा. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे 2300 रुपये होते आणि 'अ' प्रतीला 2320. फरक वीस रुपयांचा! आणि तोही दाण्याच्या लांबी-जाडीवर. चव आणि वास यांना त्या तराजूत जागाच नाही. चिन्नोर हे आपल्या भागाचे सुगंधी धान. एका घरी शिजत असले तर शेजारच्या तीन घरांना कळावे, असा त्याचा लौकिक. परंतु ते भारी धान, उशिरा निसवते, उंच वाढून वाऱ्यापावसात लोळते, आणि उतारा कमी देते. मग ज्याची दोन-तीन एकरांची शेती, त्याने ते कशासाठी लावावे? तो जास्त उताऱ्याचे धान लावतो आणि केंद्रावर नेतो. त्याचे काय चुकले?

बावनथडीच्या पलीकडल्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही ते लाभले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र मानांकन म्हणजे नावाचे रक्षण. नावाने पोट भरत नाही. ते धान खाणारा माणूस पाहिजे.

दादाजी खोब्रागडे यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड फकिरी हे त्यांचे गाव, शेती दीड एकराच्या आसपास. 1983 साली पटेल-3 या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या सरसकट कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या निराळ्या ठेवल्या, पुढल्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जे बारीक धान निघाले, त्याला त्या काळच्या घड्याळावरून एच.एम.टी. हे नाव पडले. विदर्भात ज्याच्या घरी भात शिजतो, त्याने हा तांदूळ खाल्ला नाही असे सहसा होणार नाही. पण 2018 च्या जून महिन्यात दादाजी वारले तेव्हा, त्यांच्या तांदळाचा घास रोज घेणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यांचे नाव माहीत होते? आम्ही स्वतःपासूनच सांगतो : आम्हालाही ते फार उशिरा कळले.

आता लाखोळीकडे वळू. धान बांधीत उभेच असते, माती ओली असते, तोच त्यात लाखोळीचे दाणे फेकायचे. नांगर नको, पाणी नको. धान कापून नेले की खालून हिरवे रोप वर येते. यालाच उतेरा म्हणतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात, आणि कुटार जनावरे खातात. या डाळीने पाय लुळे पडतात म्हणून महाराष्ट्रात 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. भीती अगदीच निराधार नव्हती. दुष्काळात महिनोन्‌महिने जे केवळ लाखोळीवर जगले, त्यांचे पाय खरोखरच गेले आहेत. पण भाताबरोबर, इतर अन्नाबरोबर थोडी खाणे वेगळे. बंदी 2008 साली उठली; त्या दोषाचे प्रमाण कमी असलेले रतन, प्रतीक असे वाण त्याआधीच निघाले होते. दरम्यान जवळजवळ अर्धे शतक गेले! येथल्या माणसाने आपल्याच शेतातली डाळ चोरासारखी खाल्ली. अजूनही काही शिकल्यासवरलेल्या घरांत लाखोळीचे वडे पाहुण्यापुढे ठेवायला संकोच वाटतो, हे आम्ही पाहिले आहे. पाहुणा मात्र त्याच वड्यांसाठी आलेला असतो.

तळ्यांविषयी फार बोलत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. एवढेच सांगतो, की कोहळी मंडळींनी बांधलेली ही तळी 1951 साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाली आणि 'मामा तलाव' झाली. मामाचे असूनही त्यांना मायेचे कोणी उरले नाही. जेथे गाळ साचला तेथे धानाचे पाणी आटले. त्याबरोबर ढिवरांची मासळी गेली आणि शिंगाडेही गेले. जवळचे अन्न म्हणजे नुसता तांदूळ नव्हे, हे ध्यानात यावे म्हणून हे सांगितले.

कोणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे बोलणे आहे. खरे आहे. रेशनच्या तांदळावर ज्याची चूल पेटते, त्याला आम्ही चिन्नोर खा म्हणून सांगणार नाही. ते सांगणे निलाजरेपणाचे होईल. आमचे बोलणे पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर अशा घरांशी आहे, जी पिशवीबंद तांदळाला आजही चांगला दाम मोजतात. दाम तोच, फक्त तो देव्हाडीच्या जंक्शनवरून दूर न जाता चार कोसांत राहावा.

साधा हिशेब करू. रोज एक किलो तांदूळ शिजत असेल, तर वर्षाचे 365 किलो झाले. शंभर किलो धानातून 67 किलो तांदूळ धरला, तर साडेपाच क्विंटल धान लागते. त्यातले निम्मे जरी एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतले, तरी पावणेतीन क्विंटल. पूर्वी दिवाळीनंतर सालाचे धान घरात भरून ठेवीत, लागेल तसे भरडून आणीत. कोठ्या गेल्या, पण दोन पिंप ठेवण्यापुरती जागा बहुतेक घरांत निघेल. दर आधी ठरवावा, आणि तो केंद्रावरच्या दरापेक्षा एवढा चढा असावा की कमी उताऱ्याची तूट भरून निघेल. हे उपकार नव्हेत, सौदा आहे. धान खराब निघाले तर तोंडावर सांगायचीही सोय त्यात आहे. पिशवीवर छापलेल्या नावाशी कसे भांडणार?

त्या स्नेह्यांच्या बांधीवर आम्ही नंतर गेलो. त्यांचा ठेकेकरी तणस रचत होता. आम्ही विचारले, "दादा, चिन्नोर का लावत नाही?" तो म्हणाला, "गुरुजी, खानारा दाखवा, मी लावतो." आणि हात झटकून पुन्हा कामाला लागला.

मृगात पऱ्हे टाकायचे असतात. त्याआधी बियाणे जमवावे लागते, आणि जुन्या चिन्नोरचे शुद्ध बी राखणारी घरे आता शोधावी लागतात. आज चैत्र सरत आला आहे. सांगायचे असेल तर त्याला याच महिन्यात सांगायला हवे.