रोपाच्या पिशवीत माती कुठली?

दवनीवाड्याच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. रोपवाटिकेच्या पिशव्या भरताना आमच्यात दरवर्षी वाद होतो. बांधीतली माती जवळ पडते, तीच भरू, असं अर्ध्या जणी म्हणतात.

बुरशी म्हटलं की आपल्याला खराब झालेलं लोणचं आठवतं. पण मोह, आवळा, आंबा, साग यांच्या मुळांशी एका बुरशीची सोयरीक असते. या जोडीला मायकोरायझा म्हणतात. जर्मनीच्या फ्रँक नावाच्या शास्त्रज्ञानं १८८५ साली हे नाव दिलं.

स्फुरद मातीत फारसं हलत नाही. मुळाजवळचं संपलं की मूळ उपाशी. मग बुरशीचे केसाहून बारीक तंतू ते लांबून आणून देतात. त्या बदल्यात झाड पानांत तयार केलेल्या अन्नातलं शंभरात चार ते वीस भाग बुरशीला देतं. फुकट कोणी देत नाही. एकाच मुळासाठी अनेक बुरश्यांची चढाओढ असते. जी जास्त स्फुरद आणते तिला साखर जास्त मिळते, हे २०११ साली प्रयोगात दिसलं. आपणही हप्ते बघूनच पुढचं कर्ज देतो ना! आणि स्फुरदाचं खत भरमसाट पडलं, तर झाड बुरशीला थाराच कमी देतं. म्हणजे डीएपीचा पैसाही गेला आणि सोयरीकही.

बांधीत पाणी साचून राहतं, तिथं ही बुरशी कमी असते. खोल खड्ड्यातल्या मातीतही तेच. म्हणून आपल्याच धुऱ्यावरच्या, त्याच जातीच्या निरोगी झाडाखालची वरची माती बारीक मुळ्यांसकट थोडी मिसळा. वाळत चाललेल्या झाडाखालची नको. विकतचं पाकीट घ्यायचंच असेल, तर आधी दहा पिशव्या त्याच्या आणि दहा आपल्या मातीच्या भरून बघा.