कंपवाताचा रुग्ण आणि औषधाची वेळ

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त, १२ मे रोजी, रुग्णालयाच्या परिचारिका वर्गासमोर प्रशासनातर्फे केलेले भाषण)



परिचारिका दिनी प्रशासनाने कौतुकाचे चार शब्द बोलावेत आणि पुष्पगुच्छ देऊन आसनस्थ व्हावे, अशी प्रथा आहे. कौतुक मनापासून आहेच. परंतु आज आम्ही आपल्यासमोर एक काम घेऊन उभे आहोत. विषय आहे कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णाला वॉर्डात मिळणाऱ्या औषधांचा. यातील वैद्यकीय भाग आपल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी आम्हांला समजावून दिला आहे. उरलेला भाग वेळापत्रक, साठा आणि नोंदवही यांचा असल्यामुळे तो आमच्या कक्षेत येतो, म्हणून हे बोलण्याचे धाडस.

हा रुग्ण बहुधा कंपवातासाठी आपल्याकडे दाखल होत नाही. तो पडून खुब्याचे हाड मोडले म्हणून येतो, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी येतो, न्यूमोनिया झाला म्हणून येतो. केसपेपरवर निदान म्हणून तेच लिहिले जाते आणि कंपवात 'पूर्वीचे आजार' या रकान्यात एका ओळीपुरता उरतो. अस्थिरोग विभागातील परिचारिकेला त्याच्या गोळ्या इतर गोळ्यांसारख्याच वाटल्या, तर तिला दोष देता येणार नाही. परंतु त्या गोळ्या इतर गोळ्यांसारख्या नाहीत, एवढे एकच सूत्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठर होतात, अनेकांना कंप सुटतो. डोपामिन बाहेरून दिले तर ते मेंदूत पोहोचत नाही, म्हणून ज्यापासून ते तयार होते ते लेव्होडोपा द्यावे लागते. आपल्या रानावनांत आढळणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते आणि भारतीय संशोधकांनी ते १९३७ सालीच त्या बियांतून वेगळे केले होते. आधुनिक उपचारात त्याचा वापर १९६० च्या दशकात रुजला. पुढे त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली. लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन होऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, हे कार्बिडोपाचे काम.

लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या आरंभी मेंदू ही तूट सांभाळून घेतो. आजार जुना झाला की ती क्षमता उरत नाही. मग गोळीचा अंमल ओसरताच रुग्ण अक्षरशः जागच्या जागी थिजतो. कूस बदलता येत नाही, घास गिळता येत नाही, शब्द उमटत नाही. म्हणून त्याच्या डॉक्टरांनी महिनोन्महिने पाहून, पारखून सहा, दहा, दोन, सहा अशा वेळा बसविलेल्या असतात. वॉर्डात मात्र 'दिवसातून चार वेळा' एवढेच लिहिले गेले, तर गोळ्या औषधाच्या ट्रॉलीच्या वेळा पाळू लागतात. मात्रा तीच, गोळ्या तितक्याच, पण रुग्ण कालपर्यंत चालत होता आणि आज उठून बसत नाही. नातेवाइकांना वाटते आजार बळावला.

आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ३१ मार्चला जमा झालेली रक्कम आणि १ एप्रिलला जमा झालेली रक्कम आकड्याने सारखी असली, तरी हिशेबात एक नसते. कंपवाताच्या गोळीचेही तसेच आहे. ब्रिटनमधील पार्किन्सन्स रुग्णांच्या संस्थेने २००६ साली 'गेट इट ऑन टाइम' ही मोहीम याच एका मागणीसाठी सुरू केली. २०१८ साली तेथील 'नाइस' या संस्थेने दर्जाचा निकषच घालून दिला, की रुग्णालयात लेव्होडोपा ठरलेल्या वेळेच्या तीस मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे.

याहून गंभीर बाब म्हणजे औषध अचानक बंद होणे. त्यातून तीव्र ताप, पराकोटीचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे असा जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उपाशी ठेवावयाचे असेल, तेव्हा ही गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यावयाची काय, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारावे. गिळता येत नसेल तर 'दिली नाही' अशी नोंद करून पुढे जाऊ नये. डॉक्टरांना तत्काळ कळवावे, म्हणजे राइल्स ट्यूबचा किंवा अन्य मार्ग ठरविता येईल. मात्र सीआर, म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. तिची सगळी मात्रा एकदम अंगात उतरते.

नावांतील आकड्यांकडेही लक्ष असावे. सिंडोपा ११० या गोळीत लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम असते. २७५ मध्ये ते अनुक्रमे २५० आणि २५ असते. 'सिंडोपा एक गोळी' एवढीच नोंद अपुरी आहे.

उलटी होते म्हणून सवयीने दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, आणि रात्री रुग्ण भ्रमात बडबडू लागला म्हणून दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनचे कार्य अडवितात. या रुग्णाला ती टाळावयाची असतात. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर पेथिडिन आणि ट्रामाडॉल यांच्याशी त्यांचा घातक संयोग होऊ शकतो. आदेश डॉक्टरांचाच, परंतु 'सर, यांना कंपवात आहे' हे चार शब्द वेळेवर उच्चारणे परिचारिकेच्या हाती आहे.

लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाताना दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिनांशी त्याची चढाओढ होते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर द्यावी. लोहाची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवावी. गोळीचा अंमल असताना, ताठ बसवून भरवावे, म्हणजे ठसका टळेल. उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो; म्हणून तो आडवे असताना आणि उभे केल्यावर, असा दोनदा मोजावा. मलावरोधाची रोज चौकशी करावी. लघवीचा रंग गडद झाला तर तो औषधाचाही परिणाम असू शकतो, हे नातेवाइकांना सांगून ठेवावे.

एका परिचारिकेकडे अनेक खाटा असताना एका रुग्णासाठी घड्याळ कसे पाहावे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून पुढील व्यवस्था आम्ही ठरविली आहे. दाखल करतानाच घरच्या वेळा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे विचारून केसपेपरवर घड्याळाच्या आकड्यांत लिहावे. खाटेच्या फलकावर त्या वेळा ठळक लावाव्यात आणि पाळी बदलताना तोंडी सांगाव्यात. ही औषधे रात्री व सुटीच्या दिवशीही मिळतील एवढा साठा औषध भांडारात राहील. खरेदीची जबाबदारी आमची. ज्या रुग्णाचे भान ठीक आहे, त्याला डॉक्टरांच्या लेखी संमतीने स्वतःच्या गोळ्या स्वतः घेऊ द्याव्यात. परिचारिकेने खातरजमा करून नोंद करावी. वर्षानुवर्षे घरी वेळा पाळणाऱ्या माणसाच्या हातून गोळ्यांचा डबा काढून घेण्यात शिस्त दिसते, पण त्यात त्याचे हित असतेच असे नाही.

आपली संस्था धर्मादाय आहे. निर्धन रुग्ण निधीतून उपचार घेणारा रुग्ण बहुधा वेळेबद्दल तक्रार करीत नाही. मिळते आहे यातच तो समाधान मानतो. नेमक्या त्याच्याच बाबतीत आपण अधिक दक्ष असावयास हवे. सवलत बिलात असते, वेळेत नसते.

या व्यवस्थेला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. पुढील तीन महिने प्रत्येक विभागाने अशा रुग्णाची प्रत्येक गोळी ठरलेल्या वेळी दिली की उशिरा, एवढे लिहून ठेवावे. आकडे जमतील तसे मेट्रन व आम्ही बसून ते पाहू, आणि जेथे मनुष्यबळ अपुरे पडते असे दिसेल, तेथे विश्वस्त मंडळापुढे तशी मागणी आम्ही मांडू.